मुबारकाचं उत्तर

रविवारी सकाळी शादलिया मिरच्या घ्यायला बाजारात गेली, की मिरचीवाला हटकून विचारायचा, "काय मुबारका, आज तरी सांगणार का त्या पोरीला?"

"आधी तू सांग," शादलिया मिरच्या निवडत म्हणायची, "ह्या आजच्या आहेत का शुक्रवारच्या?"

आजूबाजूचे हसायचे. बिझर्तच्या त्या बंदरगावात तिला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली होती. अकरा वर्षं ती एकाच नाटकात मुबारका नावाच्या म्हाताऱ्या दाईचं काम करत होती, आणि गावानं तिला मुबारकाच करून टाकलं होतं. हम्माममध्ये, गावच्या न्हाणीघरात, अंग घासता घासता बायका तिला खऱ्याखुऱ्या रागानं बोलायच्या. "एक शब्द तर बोलायचा होता, बाई! जीभ काय झडणार होती तुझी?" शादलिया डोक्यावर पाणी ओतून घेत म्हणायची, "मी कुठं गप्प बसले? लिहिणाऱ्यानं बसवलं." लिहिणारा गावातलाच एक शाळामास्तर होता आणि तो वारून पुष्कळ वर्षं झाली होती, त्यामुळे हे उत्तर सोयीचं होतं.

नाटकाचं नाव 'समुद्राकडचं दार'. बे राजांच्या काळातलं एका व्यापाऱ्याचं घर. त्याच्या मुलीचा, नज्माचा, यूनुस नावाच्या दर्यावर्दी मुलाशी साखरपुडा झालेला. यूनुसचं गलबत बुडाल्याची बातमी येते आणि बाप दुसरीकडे, एका उतारवयाच्या विधुराशी, तिचं लग्न ठरवतो. लग्नाच्या दिवशी समुद्राकडच्या दारावर तीन थापा पडतात. मुबारका कडी काढून दार फटीएवढं उघडते. बाहेरून एक हात आत येतो, तिच्या तळव्यावर अंगठी ठेवतो, आणि आवाज येतो, "यूनुस जिवंत आहे. तिला सांग." मुबारका मालकाला घाबरते. अंगठी कमरेला खोचते, कडी लावते. माडीवरच्या जिन्यातून नज्मा विचारते, "मुबारका, दाराशी कोण होतं?" आणि मुबारका म्हणते, "कोणी नाही, बाळा. वारा आहे." नज्मा अंगणातल्या विहिरीत उडी घेते. पडदा.

मुबारकाला सबंध नाटकात वीसेक वाक्यं. पण लोक घरी जाताना बापाला शिव्या देत नसत, त्या विधुरालाही नाही. मुबारकाला देत.

जुन्या बंदरापाशी, मासळीबाजाराच्या मागे, फ्रेंच खलाशांसाठी कधीकाळी बांधलेल्या सभागृहात हे नाटक रविवारी दुपारी तीनला व्हायचं. रंगमंच उथळ होता. समुद्राकडचं दार म्हणजे लाकडी चौकट आणि निळं रंगवलेलं खरं दार, पण त्याच्यामागे दीड वीत जागा सोडली की थेट इमारतीची विटांची भिंत. त्या फटीत शिरायला डाव्या बाजूनं वाट होती, आणि तिथं मावेल असा माणूस मंडळीत एकच होता, खमैस. पडदे ओढणं, दिवे लावणं, खिळे ठोकणं, सगळं त्याच्याकडे. तो अंग चोरून आत सरकायचा, तीन थापा मारायचा, हात आत घालून अंगठी द्यायचा आणि ते एक वाक्य म्हणायचा. हातोडी बसून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं गेलेलं होतं. अकरा वर्षं शादलियाच्या तळव्याला तोच बोथट अंगठा लागत आला होता.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी नज्माचं काम करायला नवी मुलगी आली. दलेंदा. बंदराच्या कचेरीत टंकलेखनाचं काम करणारी, बावीस वर्षांची, तळ्याकाठच्या मेन्झेल गावात आईबरोबर राहणारी. शादलियाला ती मायेनं 'खालती', म्हणजे मावशी, म्हणायची आणि आईनं केलेली गोड पोळी न चुकता रुमालात बांधून आणायची. उडी मारायला मात्र तिला भीती वाटायची. विहीर म्हणजे रंगमंचाला पाडलेलं चौकोनी भोक, खाली तळघरात बाकांवर रचलेली जाड गादी. फार तर कमरेएवढी खोली. खमैसनं तिला स्वतः उडी मारून दाखवली. "बघ, अंडंसुद्धा फुटायचं नाही," तो गादीवर बसून म्हणाला. दलेंदा हसली आणि शिकली.

तिचे पहिले दोन प्रयोग बरे झाले. तिसऱ्याला जोराचा वायव्य वारा होता.

तीन थापा पडल्या. शादलियानं कडी काढली, दार किलकिलं केलं. हात आत आला. अंगठी तळव्यावर टेकली आणि तिच्या लक्षात आलं की अंगठी गार आहे. दिव्यांच्या उकाड्यात, माणसाच्या मुठीतून आलेली अंगठी इतकी गार असत नाही. मग तिला अंगठा दिसला. त्याला नख होतं. हात तरुण होता.

"तिला सांग," आवाज म्हणाला. त्याच्या आधीचं काही तिला ऐकू आलं नव्हतं, किंवा तिचं लक्ष नव्हतं.

सवयीनं तिनं कडी लावली, सवयीनं वारा म्हणाली. पडदा पडला आणि मागच्या दारातून खमैस धापा टाकत आत आला. तो कालव्यापलीकडे ज़र्ज़ूनाला राहायचा. मोठं तेलजहाज कालव्यातून जात होतं म्हणून फेरीबोट तासभर अडकून पडली होती.

"माझं काम कुणी केलं?" त्यानं विचारलं.

 दिग्दर्शक सी सलाहनं हात झटकले. "कुणीतरी केलं ना? नाटकाची अब्रू राहिली ना? मग पोलीस तपास कशाला करतोस? पुढच्या वेळी सकाळच्या फेरीनं ये."

पुढच्या रविवारी खमैस सकाळीच आला. शादलियानं त्याला फटीत शिरताना पाहिलं. थापा पडल्या, हात आला. नख होतं. अंगठी तिनं घेतली तेव्हा तिची बोटं बधिर झाली. तिनं मान वर करून फटीतून पाहायचा प्रयत्न केला, पण समोरचा दिवा डोळ्यांवर होता आणि जिन्यातून दलेंदा विचारत होती, "मुबारका, दाराशी कोण होतं?"

"कोणी नाही, बाळा. वारा आहे."

प्रयोगानंतर खमैस फटीतून बाहेर आला तो भिंतीला धरून. त्याच्या सदऱ्याला पाठीमागे विटांची लाल भुकटी होती. इतका मागे चेपून तो उभा राहिला होता.

"मी ठोकलंच नाही," तो हळूच म्हणाला. "मी हात उचलला, तेवढ्यात माझ्या पुढ्यातून ठोकलं कुणीतरी. लल्ला शादलिया, अहो बाई, माझ्या आणि दाराच्या मध्ये बोट घालायला जागा नसते. तुम्हाला माहीत आहे."

"तू पाहिलंस?"

"डोळे मिटले होते मी." त्यानं ओठ पुसले. "मी आता त्या फटीत जाणार नाही. सी सलाहला काय ओरडायचं ते ओरडू दे."

सी सलाह ओरडला. मग त्यानं तोड काढली. फटीची डावी वाट जुन्या पडद्यांच्या चौकटी रचून बंद करायची. खमैसनं विंगेतून लाकडावर तीन थापा द्यायच्या. मुबारकानं दार उघडायचंच नाही, नुसता कान लावायचा, आणि अंगठी आधीपासून कमरेला असू द्यायची. "उलट जास्त रंगेल," तो म्हणाला.

तो प्रयोग शादलियाला शेवटपर्यंत आठवत राहिला. खमैसनं विंगेतून तीन थापा दिल्या; ती त्याला पाहत होती, लाकूड खाली ठेवताना, हात पुसताना. ती दाराला कान लावून उभी राहिली. आणि मग तिच्या गालाखाली, त्या लाकडातच, तीन थापा पडल्या. सावकाश. पलीकडून आवाज आला, ओठ लाकडाला टेकवून बोलल्यासारखा.

"यूनुस आलाय. तिला सांग."

शादलियानं गाल दारापासून झटकन काढला. तरी ती बोलली ते वाऱ्याचंच बोलली. अकरा वर्षांची जीभ होती, आपोआप वळली.

दलेंदानं उडी घेतली. पडदा पडला, टाळ्या झाल्या, सगळे हातात हात घालून वंदनाला उभे राहिले, आणि दलेंदाची जागा रिकामी. सी सलाह दात आवळून "कुठं मेली ही?" म्हणत होता. बऱ्याच वेळानं ती खालच्या जिन्यानं वर आली. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. हसून मान लववली आणि आत निघून गेली.

शादलिया तिच्यामागून गेली. दलेंदा आरशासमोर बसली होती, रुमालातली पोळी तशीच होती.

"काय झालं गं?"

"खालती, रागावणार नाही ना?" तिनं आरशातूनच विचारलं. "तुम्ही वारा म्हणता तेव्हा मला कळतं की तुम्ही खोटं बोलताय."

"अगं, तुला कळणारच. तू वाचलंयस नाटक."

"नाटकातलं नाही म्हणत मी." तिनं रुमाल बाजूला सारला. "आणि ती विहीर. पहिल्यांदा पाय सोडले की लगेच गादी लागायची. मग एक आकडा मोजेपर्यंत. गेल्या रविवारी चार मोजले. आज मी नऊ मोजले, खालती. नऊ. नुसती खाली जात होते. वरचा दिवा एवढासा झाला होता."

शादलियानं खमैसला बोलावलं. त्यानं काही न विचारता झाडूचा दांडा भोकात उभा धरला. खालचं टोक गादीत रुतलं, वरचं टोक हातभर बाहेर राहिलं. तिघंही त्या दांड्याकडे पाहत राहिली.

"बघ," शादलिया म्हणाली.

"हो," दलेंदा म्हणाली. "पण तुम्ही वारा म्हटलेलं नाहीये ना आत्ता."

त्या आठवड्यात शादलियाला हम्माममधल्या बायका आठवत राहिल्या. मी फक्त लिहिलेलं बोलते, हे ती इतक्यांदा बोलली होती की ते खरं आहे का हे तिनं कधी तपासलंच नव्हतं. आता तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना तेच तेच डोक्यात फिरायला लागलं. मास्तरानं लिहिलं, सी सलाहनं बसवलं, पण वारा म्हणणारं तोंड कुणाचं? पोरगी कुणाच्या शब्दावर पाय सोडते?

बुधवारी ती सी सलाहकडे गेली. "तो प्रवेश काढा. निदान ती विहीर काढा."

"लल्ला, बसा. चहा घ्या." त्यानं तिच्यापुढे पेला सरकवला. "मुबारका खोटं बोलते म्हणून नाटक आहे. ती खरं बोलली तर उरतं काय? लग्नाचा कुसकुस? लोक काय तो खायला येतात?"

"मग मी येत नाही."

"तुम्ही नाही आलात तर मी दुसरी मुबारका उभी करीन. वीस वाक्यं आहेत. आणि तीही वारा म्हणेल."

ते खरं होतं. शादलियानं चहाला हात लावला नाही.

शनिवारी ती दलेंदाच्या कचेरीबाहेर जाऊन उभी राहिली. "उद्या आजारी पड," ती म्हणाली. "ताप आला म्हण, आई पडली म्हण, काहीही म्हण."

दलेंदाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण ती हसत होती. "नाही खालती. मला यायचंय. तो तिकडे इतक्यांदा येऊन उभा राहतो."

"कोण तो?"

ती रस्त्याकडे पाहू लागली. बस आली आणि ती चढली.

रविवारी प्रयोगाआधी शादलियानं खमैसला कोपऱ्यात घेतलं. "शेवटच्या प्रवेशात तू विंगेत राहू नकोस. थापा कुणी दिल्या नाहीत तरी पडतील. तू खाली जा. गादीपाशी उभा राहा आणि हात वर करून ठेव. तिच्या पायाचा अंगठा जरी हाताला लागला तरी सोडू नकोस."

खमैस हो म्हणाला. त्यानं टोपी काढून घट्ट मुठीत धरली होती.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत बायका टरबुजाच्या बिया सोलत होत्या. पहिला अंक झाला, दुसरा झाला. लग्नाची गाणी झाली. रंगमंचावर शादलिया एकटी उरली.

थापा पडल्या. विंगेत कोणी नव्हतं.

तिनं नुसता कान लावायचं ठरवलं होतं. पण हात आपोआप कडीकडे गेला आणि फट पडली. तो हात आला. अंगठी नव्हती. तळवा रिकामा, वर करून धरलेला, मागणाऱ्याचा असतो तसा.

"यूनुस आलाय," आवाज म्हणाला. "तिला सांग."

तिनं दार लोटलं. कडी लावली. वळली.

जिन्यात दलेंदा उभी होती. नज्माच्या पांढऱ्या कपड्यांत.

"मुबारका, दाराशी कोण होतं?"

शादलियाला ते चौकोनी भोक दिसत होतं. त्याच्या कडेपर्यंत उजेड होता, आत नव्हता. खाली खमैस हात वर करून उभा असायला हवा होता. त्याची बोटं दिसायला हवी होती. दिसत नव्हती.

वारा हा शब्द जिभेवर आला.

तिनं तो गिळला.

"आलंय, बाळा," ती म्हणाली. "यूनुस आलाय."

बिया सोलायचा आवाज थांबला.

दलेंदा तिच्याकडे पाहत राहिली. मग जिना उतरली, घाई न करता. विहिरीला वळसा घालून गेली. शादलियाजवळून जाताना तिनं तिच्या खांद्याला हात लावला. हात ऊबदार होता.

तिनं कडी काढली. दार उघडलं, पुरतं.

विटा दिसल्या नाहीत. दुपारचा उजेड आत आला, थंड, खऱ्या दुपारचा, आणि समुद्र वाजला.

ती बाहेर गेली. दार आपोआप मिटलं.

 मग मागच्या रांगेतून एका बाईनं लग्नात देतात तसा आनंदाचा लांब उलूकार दिला आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. लोक रडत होते, टाळ्या पिटत होते. "शाब्बास मुबारका!" कुणीतरी ओरडलं. "बोललीस शेवटी!"

पडदा पडताच शादलियानं धावत जाऊन दार उघडलं. दीड वीत जागा आणि विटांची भिंत. डावीकडे रचलेल्या चौकटी जशाच्या तशा, त्यांच्यावर आठवड्याची धूळ. खालून खमैस वर आला, त्याचे हात अजून अवघडलेले होते. "आली नाही," तो म्हणाला. "बरं झालं ना? खाली आलीच नाही."

पोलिसांनी चौकटी हलवल्या, भिंत ठोकून पाहिली, गादी उसवली. अधिकाऱ्यानं शादलियाला तीनदा बसवून घेतलं. तिनं तिन्ही वेळा जे पाहिलं तेच सांगितलं. शेवटी तो लेखणी ठेवून म्हणाला, "आई, पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही तिला वाट करून दिलीत. असंच ना?" शादलियानं त्या लेखणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. असंच."

त्याच दिवशी घरी चालत येताना, मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर, एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरानं लिहिलेलं वाक्य होतं, यूनुस जिवंत आहे. खमैस अकरा वर्षं तेच म्हणत आला होता. त्या दुसऱ्या आवाजानं मात्र 'आलाय' म्हटलं होतं. 'जिवंत' हा शब्द त्याच्या तोंडून तिनं एकदाही ऐकला नव्हता.

मुबारका मालकाला घाबरून खोटं बोलली, असं सगळं गाव समजत होतं. तीही तेच समजून काम करत होती. दाराच्या फटीतून मुबारकानं काय पाहिलं असेल, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

नाटक बंद पडलं. बाजारात लोक आता तिला मानानं वागवायचे. मिरचीवाला थट्टा न करता मूठभर मिरच्या जास्त टाकायचा. ते तिला थट्टेपेक्षा जड जायचं.

मे महिन्यात, एका सकाळी, दलेंदाची आई मन्नूबिया मेन्झेलहून आली. शादलियानं तिला प्रयोगाला एकदोनदाच पाहिलं होतं. दार उघडताच शादलिया तिच्या पाया पडायला वाकली, तर मन्नूबियानं तिला धरून उभं केलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि लिंबांनी भरलेली टोपली ओट्यावर ठेवली.

"रडताय काय अशा?" ती म्हणाली. "मी तुमचे उपकार मानायला आले. येते ना पोरगी. दर शुक्रवारी दुपारी, जेवायच्या वेळी. जावयाला घेऊन."

शादलियानं दार लावून घेतलं.

"पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांनी भिंती ठोकत बसावं." मन्नूबिया खुर्चीवर टेकली, पदरानं मान पुसली. ती खरोखरच सुखात दिसत होती. "तुमचं नाव काढते. खालतीनं सांगितलं म्हणून, म्हणते."

"मुलगा... कसा आहे?"

"गुणी आहे. खाली मान घालून बसतो. बोलत नाही फारसा. जेवत तर मुळीच नाही, कितीही वाढा. दलेंदा आधी जेवायची पोटभर. आता तीही नुसती ताटाकडे बघत बसते. नवी नवरी, चालायचंच."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मन्नूबियानं एक लिंबू उचललं, हुंगलं आणि परत टोपलीत ठेवलं.

"काम मात्र वाढलंय बघा माझं. ते उठून गेले, की त्याच्या खुर्चीवर मीठ राहतं. बारीक, पांढरं, समुद्राचं पाणी वाळल्यावर राहतं तसं. ओल्या फडक्यानं पुसून काढावं लागतं." ती हसली. "गेल्या शुक्रवारपासून दोन खुर्च्या पुसते."